ढगातले सॉफ्टवेअर आणि जमिनीवरचा ग्राहक

गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायट्यांची कर्जखतावणी यापुढे गावच्या कपाटात राहणार नाही. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील सुमारे ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि तिच्या केंद्रस्थानी क्लाऊडवर चालणारे एकच सामायिक सॉफ्टवेअर ठेवले. गटसचिवाने नोंद गावात करावयाची. ती साठविली जाणार आणि तिचा ताळेबंद निघणार तो मात्र दूरच्या कुठल्या तरी संगणककेंद्रात. या योजनेची जी काही चर्चा आपल्याकडे झाली ती प्रशिक्षण, वीजपुरवठा आणि इंटरनेटचा वेग यांच्याभोवती फिरत राहिली. हे प्रश्न खरे आहेत. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न निराळा आहे. ज्या साधनावर एखाद्या संस्थेचा सारा व्यवहार चालतो ते साधन विकत घेणे आणि भाड्याने घेणे यांत केवळ पैसे चुकते करण्याच्या पद्धतीचा फरक नसतो. देणारा आणि घेणारा यांच्या नात्याचाच तो फरक असतो.

हे नाते कसे घडले हे पाहावयाचे तर क्लाऊड सॉफ्टवेअर विकणाऱ्या, किंबहुना भाड्याने देणाऱ्या, पहिल्या कंपन्यांच्या सुरुवातीच्या काळाकडे, म्हणजे साधारणत: १९९९ ते २००६ या वर्षांकडे, वळले पाहिजे. क्लाऊड म्हणजे ढग. मराठवाड्यात ढगाकडे पाहताना माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो, हा बरसणार की नुसताच पुढे जाणार? या व्यवसायाच्या बाबतीतही तो प्रश्न पहिली काही वर्षे असाच लोंबकळत होता, हे आज कोणाला फारसे आठवत नाही.

वस्तुत: संगणकाची शक्ती वाटून घेण्याची कल्पना नवी नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा देशातील कितीतरी संस्थांचे संशोधक आपली आकडेमोड त्याच्याकडून करून घेत. प्रत्येक संस्थेने आपला स्वतंत्र संगणक घ्यावा ही गोष्ट त्या काळी कल्पनेच्या पलीकडची होती. त्याहून जुने उदाहरण विजेचे. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि तेथील वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली. त्यापूर्वी गिरणी चालवायची तर स्वत:चे बाष्पयंत्र, स्वत:चा कोळसा आणि स्वत:चे धुराडे हवे असे. गिरणीमालकाचे खरे कौशल्य सूत आणि कापड यांत. परंतु भांडवलाचा मोठा हिस्सा अडके तो शक्ती निर्माण करण्यात. तारेवरून वीज येऊ लागली तसे ते भांडवल मोकळे होऊ लागले, आणि गिरणी एका वेगळ्याच अर्थाने खोपोलीवर अवलंबून झाली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, हे ध्यानात ठेवावयास हवे.

एका खोलीतील कंपनी

विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या उद्योगांना लागणारे सॉफ्टवेअर कसे विकले जात असे? ग्राहक आधी परवान्यापोटी भली मोठी रक्कम मोजी. मग स्वत:चे सर्व्हर विकत घेई, ते ठेवण्यासाठी थंड खोली बांधी, सल्लागार नेमी. सॉफ्टवेअर चालू होईपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज उलटे. चालू झाल्यावर ते निकामी ठरले तरी विक्रेत्याला त्याचे सोयरसुतक नसे, कारण त्याचे पैसे आधीच पदरात पडलेले असत. ग्राहकविक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात त्या वेळी सीबेल ही कंपनी अग्रेसर होती आणि तिचा व्यवसाय याच पद्धतीने चाले.

मार्क बेनिऑफ हे ओरॅकल कंपनीत तेरा वर्षे काढलेले गृहस्थ. नोकरीतून काही महिन्यांची सुटी घेऊन ते भारतात येऊन गेले होते. मार्च १९९९ मध्ये त्यांनी पार्कर हॅरिस आणि आणखी दोघा सहकाऱ्यांसह सॅन फ्रान्सिस्कोतील एका लहानशा सदनिकेत सेल्सफोर्स ही कंपनी सुरू केली. तिचे म्हणणे साधे होते: सॉफ्टवेअर आमच्याकडे राहील, तुम्ही ते इंटरनेटवरून वापरा आणि माणशी, दरमहा सुमारे ५० डॉलर द्या. आवडले नाही तर सोडून जा. प्रसिद्धीसाठी त्यांनी जे केले ते थोडे नाटकी होते. 'सॉफ्टवेअर' या शब्दावर काट मारलेले बोधचिन्ह त्यांनी केले, आणि २००० साली सीबेलच्या परिषदेबाहेर भाड्याचे निदर्शक उभे करून 'सॉफ्टवेअरचा अंत' झाल्याच्या घोषणा दिल्या. स्वत: सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपनीने असे करावे यात विनोद आहे, पण तो खपून गेला.

हेच करू पाहणाऱ्या इतर अनेक कंपन्या मात्र याच सुमारास बुडाल्या. त्यांचे अपयश अधिक शिकवणारे आहे. या कंपन्या दुसऱ्यांचे प्रचलित सॉफ्टवेअर घेऊन प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र यंत्रावर त्याची स्वतंत्र प्रत बसवीत आणि तिचे भाडे आकारीत. म्हणजे प्रत्येक भाडेकरूला वेगळा बंगला बांधून द्यायचा आणि भाडे मात्र चाळीतल्या खोलीचे घ्यायचे! शंभर ग्राहक आले की शंभर बंगल्यांची डागडुजी करावी लागे. सेल्सफोर्सने सुरुवातीपासूनच एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहावीत तशी रचना केली. वाडा एक, पाया एक, पाण्याची टाकी एक. पण प्रत्येक बिऱ्हाडाचे कुलूप वेगळे. सुधारणा करायची ती एकदाच, आणि तिचा लाभ एका रात्रीत सर्वांना. ग्राहक वाढत गेले तसा दर ग्राहकामागे पडणारा खर्च उतरत गेला. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला स्थिर खर्च आणि सीमांत खर्च समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

तथापि या रचनेतच एक फास दडलेला होता. खोका विकणाऱ्याला पैसे एकरकमी मिळत. भाड्याने देणाऱ्याला ते थेंबाथेंबाने मिळतात. समजा, एक ग्राहक मिळविण्यासाठी जाहिरात, विक्रेत्याचा पगार, प्रवास असा ३० हजार रुपये खर्च आला आणि तो ग्राहक दरमहा २ हजार रुपये देतो. तेव्हा पहिले पंधरा महिने कंपनी त्याच्यापायी तोट्यातच असते. आता गंमत अशी की, धंदा जितका जोरात वाढेल तितका तोटा मोठा दिसतो, कारण दर महिन्याला नवे ग्राहक जोडण्याचा खर्च आज होतो आणि उत्पन्न उद्या येते. पेरणीचा खर्च मृगात आणि माल बाजारात दिवाळीनंतर, ही अडचण आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. मधल्या काळात पैसा कोठून आणायचा?

२००० साली इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला आणि उसना पैसा आटला. सेल्सफोर्सला तेव्हा माणसे कमी करावी लागली. मासिक भाड्याचे तत्त्व मोठ्या अभिमानाने मिरविणाऱ्या या कंपनीने मग व्यवहारी तडजोड केली: वर्षाचे पैसे आगाऊ देणाऱ्या ग्राहकाला सवलत. ऊसतोड मजुराला मुकादम उचल देतो. इथे ग्राहकच कंपनीला उचल देऊ लागला. बेनिऑफ यांच्या भाषणांइतकाच या एका बदलाचाही कंपनी तगण्यात वाटा होता, असे मला वाटते. जानेवारी २००१ अखेर संपलेल्या वर्षात तिचे उत्पन्न ५४ लाख डॉलर होते. तीन वर्षांनी ते ९ कोटी ६० लाख डॉलरवर गेले. जून २००४ मध्ये तिचे भाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात आले. सप्टेंबर २००५ मध्ये सीबेल आपला स्वतंत्र संसार गुंडाळून ५८५ कोटी डॉलरना ओरॅकलच्या पदरात गेली.

गळती

बाहेरून पाहणाऱ्याला ही घोडदौड वाटत होती. आत मात्र याच सुमारास एक निराळाच हिशेब मांडला गेला. असे सांगतात की, २००५ च्या आसपास सेल्सफोर्सच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सहकाऱ्यांपुढे आकडा ठेवला: दरमहा ८ टक्के ग्राहक सोडून जात आहेत. आठ टक्के ऐकायला फार वाटत नाहीत. पण महिन्याला शंभरातले आठ, उरलेल्या ब्याण्णवांतले पुन्हा आठ टक्के, असे करीत गेले तर वर्षअखेर मूळच्या शंभरांपैकी सदतीसच उरतात. जायकवाडीच्या कालव्यात पाणी सोडावे आणि शेवटच्या वितरिकेपर्यंत ते पोहोचूच नये, अशातला हा प्रकार. वरून कितीही पाणी सोडले तरी गळती बुजविल्यावाचून शेवटचे शेत भिजत नाही. तोवर कंपनीची सारी शक्ती नवे ग्राहक आणण्यात जात होती. त्यानंतर विकून झालेल्या ग्राहकाला ते सॉफ्टवेअर खरोखर वापरता येते आहे की नाही हे पाहणारी माणसे नेमली गेली. आज या व्यवसायात तो एक स्वतंत्र पेशाच होऊन बसला आहे.

दुसरा प्रसंग डिसेंबर २००५ मधला. सेल्सफोर्सची यंत्रणा एके दिवशी काही तास बंद पडली. पुढील महिन्यातही असे घडले. हजारो कार्यालयांचे काम एकाच वेळी थांबले. खोक्यातले सॉफ्टवेअर बंद पडे तेव्हा ते एका कार्यालयापुरते बंद पडे. वाड्याची विहीर आटली की सगळ्याच बिऱ्हाडांचे हाल. कंपनीने प्रथम गोष्ट सौम्य शब्दांत मांडून पाहिली. ग्राहकांचा संताप पाहून २००६ च्या सुरुवातीला तिने आपली यंत्रणा कोणत्या क्षणी चालू आहे, कोणत्या क्षणी बंद, याची नोंद सर्वांना पाहता येईल अशी उघडी ठेवली. हा चांगुलपणा नव्हता. ग्राहकाला पुढल्या वर्षीचे पैसे न देता निघून जाता येत होते, त्याचा हा परिणाम होता.

याच वर्षी अॅमेझॉनने मार्चमध्ये साठवणुकीची आणि ऑगस्टमध्ये संगणनाची जागा भाड्याने देण्यास प्रारंभ केला. लहान संगणकाचा दर तासाला १० सेंट! पूर्वी गल्लोगल्लीच्या दुकानांतून तासावर सायकल मिळे तसा आता तासावर सर्व्हर मिळू लागला. तोपर्यंत असली कंपनी काढायची तर यंत्रसामग्रीसाठीच मोठे भांडवल लागे. ते कारण उरले नाही आणि पुणे किंवा चेन्नईतील माणसाला हा धंदा आवाक्यातला वाटू लागला.

पुणे, चेन्नई आणि तेनकासी

पुण्यात त्याची पूर्वतयारी आधीपासून होत होती. आनंद देशपांडे यांनी १९९० साली पर्सिस्टंट सिस्टिम्स स्थापन केली. तिच्यामुळे दुसऱ्या कंपन्यांची उत्पादने घडविण्याचे कसब या शहरात रुजले. व्हेरिटास या माहिती-साठवणुकीचे सॉफ्टवेअर करणाऱ्या अमेरिकी कंपनीचे मोठे विकासकेंद्रही पुण्यात होते. त्या अनुभवातून आलेल्या मिलिंद बोराटे, जसप्रीत सिंग आणि रमणी कोठंडरामन यांनी २००८ मध्ये ड्रुवा काढली. ध्रुवताऱ्यावरून हे नाव घेतले आहे. पहिले उत्पादन वित्तसंस्थांसाठी होते: आपत्तीनंतर माहिती पुन्हा उभी करण्याचे. ते फारसे चालले नाही. ग्राहकांशी बोलता बोलता निराळीच निकड पुढे आली. कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये विखुरलेल्या माहितीची प्रत कोणीच ठेवीत नव्हते. कंपनी तिकडे वळली, आणि आरंभी ग्राहकाच्याच जागेत बसविले जाणारे हे सॉफ्टवेअर पुढे अॅमेझॉनच्या भाड्याच्या यंत्रणेवर नेले गेले. समीर बोडस आणि मोनीश दर्डा यांनी २००९ मध्ये सुरू केलेली आयसर्टिस मोठ्या उद्योगांचे करारनामे सांभाळण्याचे सॉफ्टवेअर देते. मायक्रोसॉफ्ट हीच तिची सुरुवातीच्या काळातील मोठी ग्राहक होती. २०१९ मध्ये या दोन्ही कंपन्यांचे मूल्य १०० कोटी डॉलरच्या वर आकारले गेले.

चेन्नईच्या फ्रेशवर्क्सची कथा तर सर्वश्रुत आहे. एका परदेशी कंपनीने २०१० मध्ये आपले दर एकाएकी वाढविले आणि तिचे ग्राहक खवळले. झोहोमध्ये काम केलेल्या गिरीश मातृभूतम यांनी त्या संतापात बाजारपेठ ओळखली. त्यांना पहिला ग्राहक लाभला तो २०११ मध्ये, ऑस्ट्रेलियातील एक महाविद्यालय! कोणी दलाल नाही, विमानप्रवास नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात उतरली आणि तिच्या पाचशेहून अधिक कर्मचाऱ्यांच्या भागांची किंमत कोटीच्या घरात गेल्याच्या वार्ता आल्या.

या यशाने आनंद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाने टाळ्या वाजविण्यापूर्वी जमाखर्च पाहावा हे बरे. ड्रुवाचे मुख्यालय कॅलिफोर्नियात आहे, आयसर्टिसचे वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू येथे. बहुतेक ग्राहक पश्चिमेकडचे, भांडवलही बव्हंशी तिकडचेच, म्हणून हे घडले; त्यात गैर काही नाही. तरीही निर्णय कोठे होतात आणि नफा कोठे साचतो याचा परिणाम भोवतालच्या प्रदेशावर होतोच. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना आला तेव्हा त्याच्या आसऱ्याने सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांची एक पिढी उभी राहिली, कारण खरेदी करणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता. मुख्यालय सातासमुद्रापार असलेल्या कंपनीभोवती पगारदार वाढतात, पुरवठादार तितके वाढत नाहीत.

श्रीधर वेंबू यांच्या झोहोने मात्र दुसरी वाट धरली. १९९६ मध्ये अॅडव्हेंटनेट या नावाने सुरू झालेली ही कंपनी दूरसंचार यंत्रे बनविणाऱ्यांना सॉफ्टवेअर विकत असे. २००१ च्या मंदीत ते ग्राहकच नाहीसे झाले, तेव्हा तिने आपले उत्पादन बदलले आणि २००५ पासून झोहो या नावाने भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रवेश केला. बाहेरचे भांडवल घेतले नाही, शेअरबाजारात गेली नाही. बारावी झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन स्वत:च शिकविण्याची शाळा काढली. २०११ मध्ये तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळच्या तेनकासी भागात, भातशेतीच्या सान्निध्यात, कार्यालय थाटले. वेंबू यांची सगळीच मते मला पटतात असे नाही. पण तेनकासीला जे शक्य झाले ते परभणीला का अशक्य असावे, याचे उत्तर पाणी, जमीन आणि वीज या आपल्या नेहमीच्या तीन शब्दांत सापडत नाही, एवढे खरे.

घरचे बियाणे

आता पुन्हा भाडेकरूकडे येऊ. मराठवाड्याला हे नाते अपरिचित नाही. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. तोवर शेतकरी पुढल्या पेरणीचे बी घरच्याच कणगीत राखून ठेवी. संकरित वाणाचे तसे नसते. त्याचे बी पुन्हा पेरले तर तसेच पीक हाती येत नाही. ते दर वर्षी नव्याने घ्यावे लागते. ही वार्षिक वर्गणीच म्हणायची. शेतकऱ्याने ती आनंदाने दिली, कारण उत्पन्न वाढले आणि एका कंपनीचे बी फसले तर पुढल्या हंगामात दुसऱ्या कंपनीची पिशवी घेण्याची त्याला मुभा होती. कंपनीला दर मृगाला त्याच्यासमोर परीक्षा द्यावी लागे. पुढे २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली आणि काही वर्षांतच देशातील कापसाच्या ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर तो पसरला. पिशव्यांवरची नावे अनेक, आतले तंत्रज्ञान मात्र बहुतांशी एकाच घरचे. पर्याय आटले तशी किमतीची तक्रार बाजारातून उठून सरकारदरबारी गेली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राला कापूस-बियाण्याच्या किमती ठरविण्याचा हुकूम काढावा लागला.

क्लाऊडच्या व्यवसायाची वाटचाल याच दिशेने झालेली दिसते. आरंभीच्या कंपन्या नम्र होत्या, कारण सोडून जाणे सोपे होते. ग्राहकाची माहिती थोडी होती, सवय थोडी होती. दहा वर्षांच्या नोंदी, शेकडो कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि इतर दहा यंत्रणांशी घातलेली गाठ इतके सगळे एका ठिकाणी साचल्यावर 'आवडले नाही तर सोडून जा' हे वाक्य कागदावरच उरते. शिक्षकांना याचा अनुभव आहेच. २०२० च्या साथीत शाळा-महाविद्यालये गुगलच्या शैक्षणिक सेवेकडे मोठ्या संख्येने वळली. साठवणुकीला तेव्हा मर्यादा नव्हती. २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले की, पुढल्या वर्षापासून प्रत्येक संस्थेला एकत्रित १०० टेराबाइट एवढीच जागा विनामूल्य मिळेल. कंपनीने दिलेला शब्द मोडला असे म्हणता येणार नाही, कारण तो कायमचा शब्द नव्हताच. घरमालकाने अटी बदलल्या, इतकेच.

याहून गंभीर प्रकार जुलै २०२५ मध्ये घडला. मुंबईत प्रमुख कार्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध जाहीर केल्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या. कंपनीला स्वत:च्याच पत्रव्यवहाराला आणि माहितीला हात लावता येईना. भाडे पूर्ण भरलेले आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. तिने दिल्ली उच्च न्यायालयाकडे धाव घेतली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. भारतीय कायद्याखाली भारतात व्यवहार करणाऱ्या उद्योगाला ब्रसेल्समधील निर्णयामुळे आपल्या दप्तराला मुकावे लागते, ही गोष्ट रशिया-युक्रेन युद्धाविषयी कोणाचे काहीही मत असले तरी विचार करायला लावणारी आहे. मालकीच्या कपाटाचे कुलूप असे दुरून लावता येत नाही.

म्हणूनच सोसायट्यांच्या योजनेकडे पाहताना माझे लक्ष सॉफ्टवेअरच्या गुणदोषांपेक्षा त्याच्या अटींकडे जाते. येथे मालक परदेशी कंपनी नाही, सरकारी योजना आहे. हे चांगलेच आहे. परंतु सेल्सफोर्सला सुधारण्यास भाग पाडणारी जी एक गोष्ट होती, म्हणजे रुष्ट ग्राहकाचे निघून जाणे, ती येथे मुळातच संभवत नाही. गटसचिवाला दुसरे सॉफ्टवेअर निवडायचे नाही. पीककर्जाच्या वाटपाच्या दिवसांत यंत्रणा दोन दिवस बंद राहिली तर तो कोणाचे पैसे रोखणार? जेथे गळतीचा आकडाच निघू शकत नाही तेथे तक्रारीचा आकडा तरी निघाला पाहिजे. यंत्रणा किती तास बंद होती, याची रोजची नोंद २००६ मध्ये एक खाजगी कंपनी जगापुढे उघडी ठेवू शकली. तशी नोंद प्रत्येक जिल्हा बँकेच्या दारावर लागावी अशी मागणी करायला काय हरकत आहे? सोसायटीच्या सर्व नोंदी, कोणत्याही दुसऱ्या यंत्रणेत भरता येतील अशा स्वरूपात, वर्षातून एकदा सोसायटीच्याच हवाली व्हाव्यात, हीदेखील अवाजवी अपेक्षा नव्हे. घरच्या कणगीत थोडे बी राखून ठेवण्यासारखेच ते आहे. सभासदांनी वार्षिक सर्वसाधारण सभेत चहापानापूर्वी हा ठराव मांडावा.

राहता राहिला आपल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न. छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दर वर्षी संगणकशास्त्राचे पदवीधर बाहेर पडतात आणि त्यांतील बरेचसे पुण्याची गाडी धरतात. शेंद्रा-बिडकीन येथे सुमारे १० हजार एकरांची ऑरिक नगरी उभी राहत आहे. तिचे रस्ते रुंद आहेत आणि मोठे कारखाने यावेत म्हणून तेथे चाललेले प्रयत्न योग्यच आहेत. पण भाड्याच्या सॉफ्टवेअरच्या धंद्याला एकरांची गरज नसते. त्याला लागते ती ग्राहकाची अडचण बारकाईने ठाऊक असणारी माणसे आणि पहिली दोन-तीन वर्षे तोटा सोसू शकणारे थोडे भांडवल. पुण्यातील ड्रुवाकडे माहिती-साठवणुकीचे ज्ञान होते, कारण ती माणसे त्याच कामात वाढली होती. आपल्याकडे कोणते ज्ञान आहे? जालन्यातील बियाणे कंपन्यांना विक्रेत्यांकडून परत येणाऱ्या न विकलेल्या पिशव्यांचा हिशेब कसा लावावा लागतो, सरकी आणि रुईच्या भावातील फरकावर जिनिंगवाला आपला दर कसा ठरवितो, वाळूजच्या लघुउद्योजकाला मोठ्या कारखान्याच्या तपासनिसासमोर मोजमापाच्या उपकरणांच्या कोणत्या नोंदी ठेवाव्या लागतात, हे सॅन फ्रान्सिस्कोतच काय, पुण्यातही फार थोड्यांना ठाऊक असेल.

मुलांना मी हल्ली प्रकल्पासाठी जगातील मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद देत नाही. वाळूजच्या दहा कारखान्यांत जाऊन त्यांच्या कचेरीत अजून कोणते काम वहीवर चालते एवढेच लिहून आणायला सांगतो. त्यांतील एखाद्या कामासाठी कारखानदार दरमहा हजार रुपये द्यायला तयार होईल काय, हा पुढचा प्रश्न. आणि पहिल्या महिन्यात दिलेले हजार रुपये तो सातव्या महिन्यातही देतो काय, हे पाहण्यासाठी त्यांना पुन्हा त्याच कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतील.